प्रफुल्लची वैरीण

४ जानेवारी, शनिवार

कॉलेजने यंदाही डायरी दिली. दरवर्षी आई तिची पानं फाडून त्यावर भजी निथळते. यंदा मी ती उशीखाली ठेवली आहे, कारण आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही आणि गिळण्यासारखंही नाही.

प्रफुल्लचा मेसेज आला. "काही शनिवार जमणार नाही. एक काम आहे." बस्स. सॉरी नाही, कशी आहेस नाही. हा माणूस शब्द रेशनवर आणतो.

मास्तरणीची खोड, मुळापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. प्रफुल्ल गिरगावात गणित शिकवतो, मी परळला तर्कशास्त्र. विद्यापीठात होतो तेव्हापासून आम्ही शनिवारी दुपारी भोईवाड्याच्या अभ्यासिकेत बसतो. दोघांनाही सिद्धतांचं वेड. विधान खरं की खोटं एवढ्याने आमचं भागत नाही. ते सिद्ध करताना कुठली पायरी कुठल्या नियमाने टाकली, कुठली टाळता आली असती, ते बघायचं. लग्नाच्या पंगतीत हे सांगून बघा, शेजारचा ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसतो.

आमचे नियम आहेत. एकाने सिद्धता फळ्यावर मांडायची, दुसऱ्याने तिचा वैरी व्हायचं. वैऱ्याने कशाचीही भीडभाड ठेवायची नाही, खटकलं की "मान्य नाही" म्हणायचं आणि फोडायला बघायचं. फुटली, तर फोडणाऱ्याने फळ्यावर "फोडली" लिहून सही करायची, आणि करणाऱ्याने पुढच्या शनिवारी घरून खायला आणायचं. पहिला घास फोडणाऱ्याचा. स्वतःच्या सिद्धतेचा वैरी स्वतः व्हायचं नाही, कारण शेवटी आपला तो बाब्या. आणि "याचप्रमाणे" हा शब्द बंद. "उरलेले प्रकार याचप्रमाणे" असं कुणी लिहिलं की समजावं, भोक तिथेच आहे.

वैरीण म्हणून मला तोड नाही. प्रफुल्लच्या किती सिद्धता मी फोडल्या आणि त्याच्या वहिनीच्या हातचा किती चिवडा खाल्ला, त्याला गणती नाही. बाकी आयुष्यात कुणी मला कशात पहिली म्हटलेलं नाही.

एक काम आहे म्हणे. शनिवारी दुपारी याला माझ्याशिवाय कसलं काम?

११ जानेवारी, शनिवार

एकटीच गेले अभ्यासिकेत. सवयीने गेले, हेरगिरी करायला नाही. रामजीकाका किल्ली घेऊन दारातच. तेच अभ्यासिका उघडतात, तेच चहा करतात.

"मॅडम, तुम्ही आज? सर तर आता बुधवारी येतात ना. त्या पोरीबरोबर."

"कुठल्या पोरीबरोबर?"

"नाव नाय माहीत. चष्मा आहे. हुशार वाटते हां. सरांना सारखी 'मान्य नाही, मान्य नाही' करते."

लफडं असतं तर चाललं असतं एक वेळ. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाप्याने लफडं करावं, कुणी हात धरलाय? पण वैरीपण? ते माझं आहे.

चहा मागितला. काकांनी स्टीलच्या पेल्यात दिला. "माझा पिवळा कप?" म्हटलं. ते म्हणाले, "तो त्या पोरीला आवडतो. धुवायचा राहिलाय."

१५ जानेवारी, बुधवार

आज मात्र हेरगिरीच केली. लेक्चर उरकलं, थेट भोईवाडा, कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे उभी राहिले आणि हातात होता तो एकच कागद तीनदा झेरॉक्स केला. ते दोघं बाहेर पडले. आणि कोण निघावी? अक्षता! माझी विद्यार्थिनी. दादरची, शिवाजी पार्कच्या मागची. पहिल्या वर्षाला माझ्यासमोर बसून "जर पाऊस तर छत्री" करत होती. हिला गृहीतक कसं धरायचं आणि काम झालं की ते कसं सोडायचं, हे मी शिकवलं. मी! आता पीएचडी करते म्हणे.

प्रफुल्ल हसत होता. हात हलवून हलवून काहीतरी सांगत होता. माझ्यासमोर हा माणूस खुर्चीत पोतं ठेवल्यासारखा बसतो.

ते गेल्यावर आत शिरले. फळा नीट पुसलेला नव्हता. खालच्या कोपऱ्यात दोन ओळी राहिल्या होत्या आणि त्यात विधानाच्या डोक्यावर एक छोटा चौकोन. ठसा.

तो ठसा माझा आहे. जगात दुसरं कुणी तो तसा काढत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

फोन केला. सरळ विचारलं.

"अक्षताबरोबर काय चाललंय?"

"एक सिद्धता आहे. वैरी लागत होता."

"मग मी मेले होते?"

"तू नाही चालणार."

"का?"

म्हणतो, "नियमात बसत नाही, नम्रता."

नियमात बसत नाही! वीस-बावीस वर्षं बसत होतं, आता बसत नाही. कुठला नियम, ते विचारायला हवं होतं, पण मी फोन आपटला. आमच्या फोनला आता आपटायलाही काही नाही, नुसतं बोट दाबायचं. राग निघत नाही त्याने.

आई म्हणाली, "नाव नम्रता ठेवलं, हीच आमची चूक झाली गो."

२३ जानेवारी, गुरुवार

आज वर्गात छेद शिकवला. छेद म्हणजे सोपं आहे. इकडून एक मधलं विधान सिद्ध करायचं. त्या मधल्यावरून पुढचा निष्कर्ष काढायचा. मग मधलं टाकून द्यायचं आणि म्हणायचं, इथून तिथे पोचलो. मधल्याचं नावही शेवटी राहत नाही. छेद-निरसन म्हणजे हे मधले सगळे काढून टाकून तीच गोष्ट सरळ सिद्ध करता येते, हे दाखवणं. लांब पडतं, पण प्रामाणिक असतं.

मागच्या बाकावरची मनवा म्हणाली, "मॅडम, मग त्या मधल्याचा उपयोग करून घ्यायचा आणि फेकायचं? बिचारं." मला एकदम भरूनच आलं. खडू आणायला म्हणून बाहेर गेले.

ठशाचं लिहिते. नऊ वर्षांपूर्वी माझी पीएचडी ह्याच्यावर होती. माझ्या पद्धतीत साधं विधान एकदा वापरलं की संपलं. ठसा मारलेलं पुन्हा पुन्हा वापरता येतं. आणि विधानांचा क्रम हलवता येत नाही. ह्या पद्धतीत छेद अनावश्यक आहे, असं माझं म्हणणं होतं. थोडं लिहून झालं होतं, थोडं डोक्यात होतं. सेमिनारला मांडलं तर एक मोठे प्रोफेसर म्हणाले, "बाई, ठसे पोस्टात मारतात." सगळे हसले. मी सगळं बांधून माळ्यावर टाकलं आणि रजिस्ट्रेशन मरू दिलं. प्रफुल्लला बजावलं, त्या प्रमेयाचं नाव माझ्यासमोर आयुष्यात काढायचं नाही. त्याने एकदाही काढलं नाही. शब्दाचा पक्का आहे. दगडच आहे.

आणि आता तेच घेऊन अक्षताबरोबर बसलाय. माझ्यासमोर नाव काढायचं नाही म्हटलं होतं, पाठीमागे चोरायला सांगितलं नव्हतं.

२७ जानेवारी, सोमवार

घरी आले तर आई खुशीत. "प्रफुल्ल येऊन गेला. बटाटेवडे खाल्लेन चार."

"कशाला आला होता?"

"तुझं नाव विचारत होता. पूर्ण कसं लिहायचं, आईबापाचं लावते की नुसतं आडनाव. मी सांगितलं, माझ्या पोरीचं नाव नम्रता कौसल्या भिवा असं लिही. बाप तर गेलाच, पण नऊ महिने कोणी वाहिलंन? बरोबर की नाय?"

"नाव कशाला हवंय त्याला?"

"म्हणाला, छापायचंय. तुला नको सांगू म्हणाला." आईने जीभ चावली. "गेलं तोंडातून."

छापायचंय. मी पलंगावर बसूनच राहिले. सगळं लख्ख दिसलं. पत्रिका! लग्नाची पत्रिका, पाकिटावर पूर्ण नाव घालून. अक्षता सत्तावीसची असेल, पण आजकाल वय कोण बघतं? बुधवारचं हसणं, पिवळा कप, "एक काम आहे." एकेक पायरी दुसरीवर चपखल बसते. मी वैरीण आहे, मला ह्यात भोक सापडत नाही.

मला काय त्याचं? आमच्यात कधी तसं काही नव्हतंच. लग्न का नाही केलंस विचारलं की तो म्हणतो, "राहून गेलं." मलाही कुणी विचारलं की मी तेच म्हणते. दोघांचं उत्तर सारखं आहे म्हणून त्याला काही अर्थ असतो असं नाही.

आई वड्याची चटणी पुढे ठेवून गेली. खाल्ली नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

तर्क मंडळाचं पत्रक व्हॉट्सअॅपवर आलं. वार्षिक सभा पुढच्या शनिवारी, दादरला. "ठसायुक्त पद्धतीतील छेद-निरसन. सादरकर्ते: प्रफुल्ल व अक्षता."

मंडळाची एक जुनी रीत आहे. प्रश्नोत्तरं संपेपर्यंत सिद्धता कुणाची ते सांगायचं नाही, म्हणजे तोंड बघून कुणी सोडत नाही आणि तोंड बघून कुणी झोडत नाही. म्हणून पत्रकात नुसतं सादरकर्ते. पण सगळ्यांना ठाऊक असतं, मांडणाराच करणारा. ह्यांनी तर रीतीचा आडोसाच केलाय.

नऊ वर्षांत मी त्या सभेला गेले नाही. प्रफुल्लला वाटत असेल, याही वर्षी येणार नाही.

जाणार. नियमात बसत नाही काय? सभेत कुणीही वैरी होऊ शकतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षता कॉलेजच्या गेटवर भेटली. मुद्दाम आली होती असं वाटलं. "मॅडम, कशा आहात?" पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले.

"मॅडम, तुम्ही आम्हाला गृहीतक सोडायला शिकवलं होतं ना, त्या दिवसाची अजून आठवण येते. तेव्हाच ठरवलं, हेच करायचं."

"चांगलं झालं. सांभाळून कर."

"एक गोष्ट सांगू का? नको. सर रागावतील." आणि लाजली की काय कोण जाणे, चष्मा पुसत बसली.

सर रागावतील! घ्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सभा झाली. क्रमानेच लिहिते, नाहीतर हात भलतीकडे जाईल.

वीसेक माणसं होती. अध्यक्ष अप्पा, नेहमीप्रमाणे पुढच्या खुर्चीत, डोळे मिटून. मी शेवटच्या रांगेत बसले. प्रफुल्लने मला बघितलं आणि त्याच्या हातातला खडू पडला. तो अक्षताच्या कानात काहीतरी बोलला. ती माझ्याकडे बघून एवढी हसली, एवढी हसली, की मला तिथेच उठून निघून जावंसं वाटलं. नाही गेले. पदर खोचला.

अक्षताने मांडली. सुंदर होती. लिहिताना जीव जळतोय, पण सुंदर होती. माझ्या चार कच्च्या पायऱ्यांवर त्यांनी पूर्ण जिना बांधला होता. कुठे अडखळणं नाही. छेद वर वर सरकवत न्यायचा, दर वेळी तो थोडा लहान होतो, शेवटी नाहीसा होतो. जिथे जिथे मला तेव्हा अंधार दिसत होता तिथे दिवा लावलेला. प्रफुल्लचा हात मी ओळखते. त्याने ह्यावर किती रात्री घातल्या असतील, तेही कळत होतं. माझ्यासाठी त्याने कधी एवढं केलं होतं? असं मनात आलं, आणि मग मी कुणाची राहिले नाही.

एक प्रकार उरला. ठसा मारलेलं विधानच मधलं असेल आणि ते पुढे दोनदा वापरलेलं असेल तर? अक्षता म्हणाली, "हा प्रकार याचप्रमाणे."

मी उभी राहिले. "मान्य नाही."

अख्खी सभा मागे वळली. अप्पांनी डोळे उघडले.

"याचप्रमाणे म्हणजे कसं? करून दाखव."

"मॅडम..." ती प्रफुल्लकडे बघायला लागली. प्रफुल्ल माझ्याकडे.

"त्यांच्याकडे काय बघतेस? फळ्याकडे बघ." मी पुढे गेले, तिच्या हातातून खडू घेतला. खरं तर ओढलाच. "मधलं विधान दोनदा वापरलंय. मग छेदही दोन होतात. पहिला लहान झाला, मान्य. दुसरा? दुसरा होता तेवढाच राहतो. लहानच होत नाही, तर नाहीसा कुठून होणार? नेहमीचा उपाय, सगळ्या प्रती एकदम छाटायच्या. पण इथे क्रम हलवायची बंदी आहे. एक प्रत ह्या टोकाला, एक त्या टोकाला. छाटा बघू एकदम!"

फळ्यावर उदाहरणच काढून दाखवलं. उभ्या उभ्या सुचलं. एवढं स्वच्छ मला जन्मात कधी सुचलं नव्हतं. हितेंद्र म्हणून कुणी गणिताचा माणूस आहे, तो म्हणाला, "गेली. साफ गेली." अप्पांनी मान हलवली. मी जिना पायथ्याशी कापला होता आणि वरचा सगळा खाली आला होता.

मग मी आमची रीत केली. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, "फोडली. नम्रता." नम्रताच्या खाली रेघ मारली. दोनदा.

अप्पा म्हणाले, "प्रश्न संपले. आता सिद्धता कुणाची, ते सांगा."

प्रफुल्ल उठला. तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, आता म्हणेल, माझी आणि अक्षताची. मी तयार होते. पुढचं वाक्यही तयार होतं, चोरीचं. पण तो बोललाच नाही. माझ्या हातातला खडू हळूच काढून घेतला आणि माझ्या सहीखाली लिहिलं, "केली. नम्रता कौसल्या भिवा."

शब्द दिला होता ना त्याने, माझ्यासमोर नाव काढणार नाही. काढलं नाही. लिहिलं.

मागून कुणीतरी हसलं. अप्पा म्हणाले, "म्हणजे, ह्याच?" अक्षता रडत होती. मी पर्स न घेताच बाहेर पडले. दादरहून भोईवाड्यापर्यंत चालत आले. वाटेत कोण भेटलं, काय दिसलं, काही आठवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

छापायचंय.

नियमात बसत नाही.

मी किती मूर्ख बाई आहे!

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्रफुल्लचे फोन. घेतले नाहीत. कॉलेजला दांडी. आईला सांगितलं पोट बिघडलंय. आई म्हणाली, "पोट बिघडलेला माणूस भिंतीला शिव्या घालत नाय."

१९ फेब्रुवारी, बुधवार

अक्षता पर्स घेऊन आली. आईने तिला आत घेतलं, पोहे दिले, आणि मला हाताला धरून उठवलं.

पोरीने आधी पोहे संपवले. मग म्हणाली, "मॅडम, सर गेल्या गणपतीपासून ह्या सिद्धतेच्या मागे लागले होते. मंडळाने मान्य केली की छापायची होती, फक्त तुमच्या नावाने. सर म्हणाले, मी फक्त केर काढलाय, घर तिचंच आहे."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हीच बंदी घातली होती ना, नाव काढायची? मी सरांना म्हटलं, एवढं कुठे धरून बसता. ते म्हणाले, मी शब्द दिलाय."

मी म्हटलं, "तू वैरीण ना त्यांची? मग 'याचप्रमाणे' तुझ्या नजरेतून सुटलं कसं? पहिल्या वर्षाला शिकवलं होतं मी ते."

तिने बशी खाली ठेवली. "सुटलं नव्हतं, मॅडम. मी दोनदा 'मान्य नाही' म्हटलं. सर म्हणाले, ती एक पायरी तपासायची नाही. ती तिची आहे, ती बरोबरच असणार."

आई ओट्याशी काहीतरी घासत होती, तीही थांबली.

मला पुसट आठवलं, बंदी घालायच्या आधीचं. लालबागला, चिवड्याच्या दुकानासमोर उभं राहून प्रफुल्लने एकदा विचारलं होतं, ठशाच्या प्रकाराचं काय? मी घाईत होते. म्हटलं होतं, "ते होतं रे, याचप्रमाणे." आणि चिवडा घेऊन निघाले होते.

जाताना अक्षता दारात वळली. "पण काय फोडलीत, मॅडम! भीती वाटली तुमची."

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी उठून घावणे घालायला बसले. आई बाजूला उभी.

"कुणाचं फुटलं?"

"माझं."

"आणि फोडलंन कोणी?"

"मीच."

"बरं झालं. बाहेरच्याला दोष नको." आणि नारळाचा रस काढून दिलान तिने, न सांगता.

अभ्यासिकेत दोघंही होते. रामजीकाकांनी मला बघून फळा पुन्हा एकदा पुसला, उगाचच. मी डबा ठेवला. प्रफुल्लने डबा माझ्याकडे सरकवला. "पहिला घास फोडणाऱ्याचा."

माझा घावणा मीच खाल्ला. मीठ कमी होतं.

"तू ती पायरी का तपासली नाहीस?" मी विचारलं.

"तू म्हणाली होतीस ना, होतं म्हणून."

"मी म्हटलं म्हणून?"

"हो." तो रसात बोट बुडवून बघत होता. "म्हटलं, तू म्हणालीस म्हणजे झालं."

वर्षानुवर्षं मी ह्या माणसासमोर बसले. त्याचं एक विधान मी कधी तसंच धरलं नाही. दर ओळीला मान्य नाही, मान्य नाही. "एक काम आहे," एवढं साधं तो म्हणाला, तेही मी मानलं नाही. आणि ह्याने माझं चिवड्याच्या दुकानापुढचं अर्धं वाक्य नऊ वर्षं खरं धरून ठेवलं, त्यावर अख्खा जिना बांधला.

रडू यायला लागलं, म्हणून ओरडले. "गाढवा, नियम काय आहे आपला? कुणाचंही काहीही तसंच धरायचं नाही! परत असं केलंस ना..."

"बरं," तो म्हणाला.

पत्रिकेचं मात्र मी त्याला मरेपर्यंत सांगणार नाही.

"सुरू करूया?" अक्षता म्हणाली. तिच्या पुढ्यात पिवळा कप होता. दिसला मला. स्टीलचा पेला मी आपण होऊन घेतला, आणि हो, कप डोळ्यांत सललाच. एका घावण्यात माणूस बदलत नाही.

खडू घेतला. ठशाचा प्रकार नव्याने. दोन्ही प्रती एकदम छाटता येत नसतील तर एकीला धरून दुसरीपर्यंत चालत जायचं, मधलं एकेक विधान ओलांडून. होईल की नाही, माहीत नाही. पहिली ओळ लिहिली.

"मान्य नाही," अक्षता म्हणाली.

मागे प्रफुल्ल हसला. कितीतरी दिवसांनी ऐकलं ते हसणं. तिच्याकडे बघून हसला की माझ्याकडे, मला दिसलं नाही, माझं तोंड फळ्याकडे होतं. वळून बघता आलं असतं.

माझ्याकडे बघून, असं धरून चालते. तपासणार नाही.